सर्वांच्या ताटात एकच मासा

गेल्या वर्षी अब्बांची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी जो कागद दिला, त्यात औषधांच्या यादीखाली तीन सूचना होत्या. तळलेले बंद, मीठ कमी, साखर सांभाळा. औषधे अब्बांनी निमूट मान्य केली. पहिल्या सूचनेवर मात्र ते गप्प झाले.

आम्ही रत्नागिरीकडचे. अब्बांची सव्वीस वर्षे कुवेतमध्ये गेली. सुट्टीवर घरी यायचे तेव्हा अम्मी पहिल्या दिवशी काय रांधणार हे विचारावे लागत नसे. तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तळलेली सुरमई, कोकमाचे सार आणि गरम भाकरी. नोकरी संपवून ते कायमचे परतले, तेव्हा मधुमेहही सोबत आला होता. तरी तळलेला मासा सुटला नाही. तो सुटला तो अँजिओप्लास्टीनंतर.

मग घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. आमच्यासाठी नेहमीचा, अब्बांसाठी उकडलेला दुधी, मुगाची पातळ डाळ, दोन फुलके. काही दिवसांनी लक्षात आले की अब्बा दस्तरखानवर बसतच नाहीत. मगरिबची नमाज पढून आले की म्हणायचे, "मला आधीच वाढा, मी जेवून घेतो." आमच्या ताटातला मासा बघत जेवणे त्यांना नको होते आणि ते आम्हाला सांगणेही नको होते. एकत्र बसून जेवण्यात बरकत आहे हे लहानपणी आम्हाला त्यांनीच शिकवले. आता तेच एकटे जेवत होते. पथ्याने त्यांची साखर खाली आली, पण माणूस दस्तरखानवरून उठला.

वाट दाखवली ती माझ्या भाभींनी. भाई आणि भाभी दोहामध्ये असतात. भाभी नोकरी करतात, घरी पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. त्या म्हणाल्या, "इथल्या दुकानात सॅमन रोज मिळतो. मी मध-लसणाचा रस त्याच्यावर आटवते. तळणे नाही, वाटण नाही. मगरिब आणि इशाच्या मध्ये जेवण तयार." अम्मी बाजूलाच होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "माशाला मध? मासा हाय का जिलेबी?"

त्या रविवारी मी मुंबईतल्या एका मोठ्या दुकानातून गोठवलेल्या सॅमनचे चार तुकडे आणले. पुढे जे शिकले, ते घरात असे कोणी पथ्यावर असलेल्या प्रत्येक भगिनीच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

सॅमन वेगळा, रावस वेगळा

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात. बऱ्याच दुकानांत आणि हॉटेलांच्या मेन्यूकार्डावरही हेच नाव असते. पण रावस हा सॅमन नव्हे. दोघांचे कूळच निराळे. रावसाच्या गळ्याजवळ दोऱ्यांसारखे बारीक तंतू असतात. तो आपल्या किनाऱ्यावरचा आणि खाडीच्या तोंडाशी राहणारा मासा. सॅमन थंड पाण्यातला. तो नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परततो. आखाती देशांत आणि आपल्या महानगरांत मिळणारा सॅमन बहुतेक करून समुद्रातल्या जाळ्यांत पाळलेला असतो. अशा सॅमनचे सर्वांत मोठे उत्पादन नॉर्वेत होते. त्याचा नारिंगी रंग त्याच्या खाद्यातून येतो.

म्हणून 'सॅमन' असे लिहिलेले पाहून पैसे मोजू नका. मांस ठळक नारिंगी आणि त्यात चरबीच्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर तो सॅमन. फिकट, पांढरट गुलाबी असेल तर तो रावस. रावस घेण्यात काहीच वाईट नाही, पण तो रावसाच्या भावाने घ्यावा.

सेहतीला काय मिळते?

१०० ग्रॅम सॅमनमध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. ड जीवनसत्त्व आणि बी-१२ चांगल्या प्रमाणात मिळतात. त्याची मुख्य ख्याती आहे ती ओमेगा-३ नावाच्या स्निग्ध पदार्थांसाठी. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे, विशेषतः तेलकट जातीचे मासे, खाण्याची शिफारस करते. इथे तेलकट म्हणजे तेलात तळलेले नव्हे, ज्यांच्या अंगातच तेल आहे असे.

आणि आता आपल्या खिशाला दिलासा देणारी गोष्ट. बांगडा आणि तारली हेही याच तेलकट जातीत मोडतात. ओमेगा-३ साठी सॅमनच हवा असे नाही. आयात केलेला सॅमन आपल्याकडे बांगड्याच्या कितीतरी पट महाग पडतो. म्हणून आमच्या घरी सॅमन येतो तो महिन्यातून एखाद्या वेळी, बाकी आठवडे बांगडा नाहीतर रावस. कृती तीच. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते तेव्हा मात्र गोठवलेला सॅमन कामाला येतो.

मासा हे औषध नव्हे हेही ध्यानात असू द्या. तो खाल्ला म्हणून गोळ्या बंद होत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हलाल आणि तय्यब

माशाला जबीहाची अट नाही. कोळंबी, खेकडे यांविषयी हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, पण सॅमन, रावस, बांगडा हे निखळ मासे असल्याने त्यांच्याविषयी वाद नाही. खबरदारी घ्यायची ती माशावरच्या रसाची.

अशा चकचकीत लेपाला इंग्रजीत 'ग्लेझ' म्हणतात. त्याचा प्रसिद्ध जपानी प्रकार म्हणजे तेरियाकी. पारंपरिक तेरियाकीत सोया सॉससोबत 'साके' आणि 'मिरिन' घालतात. ही दोन्ही तांदळापासून केलेली मद्ये आहेत. त्यामुळे तेरियाकी सॉसची तयार बाटली घेताना मागचा मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नये. साके, मिरिन किंवा राइस वाइन असा उल्लेख असेल तर बाटली जागेवर ठेवावी. साधा सोया सॉस आंबवून करतात. आंबवताना त्यात अल्कोहोलचा किंचित अंश तयार होतो. तो चालतो असे अनेक उलमा सांगतात. तरी मनात शंका असेल तर हलाल प्रमाणपत्र असलेला सॉस शोधा, किंवा सरळ चिंच-गुळाचा लेप करा. त्यात शंकेला जागाच नाही.

हे वाचताना मला एक गोष्ट नव्याने जाणवली. कुरआनातील सूरह अन-नहल म्हणजे मधमाशीची सूरह. तिच्या १४ व्या आयतीत समुद्रातून मिळणाऱ्या ताज्या मांसाच्या नेमतीचा उल्लेख येतो आणि ६८-६९ या आयतींमध्ये मधमाशीचा आणि तिच्या पोटातून निघणाऱ्या, लोकांसाठी शिफा असलेल्या पेयाचा. मासा आणि मध एकाच सूरहमध्ये! मी अम्मींना हे दाखवले तेव्हा त्यांची जिलेबीची थट्टा थांबली.

चौघांसाठी साहित्य

मासा: सॅमनचे किंवा रावसाचे ४ तुकडे, प्रत्येकी १२० ते १५० ग्रॅम, साधारण अडीच सेंटिमीटर जाड.

मध-लसणाचा लेप: २ मोठे चमचे सोया सॉस, १ मोठा चमचा मध, १ लिंबाचा रस, ४ लसूण पाकळ्या बारीक ठेचून, बोटाच्या पेराएवढे आले किसून, पाव चमचा काळी मिरी पूड, २ मोठे चमचे पाणी.

किंवा चिंच-गुळाचा लेप: २ मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, १ मोठा चमचा किसलेला गूळ, अर्धा चमचा काश्मिरी तिखट, पाव चमचा हळद, वरीलप्रमाणेच आले-लसूण, चिमूटभर मीठ, ३ मोठे चमचे पाणी.

शिवाय २ लहान चमचे तेल, वरून घालायला भाजलेले तीळ आणि कोथिंबीर.

मध-लसणाच्या लेपात वेगळे मीठ घालायचे नाही. एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्ये जवळपास ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. दोन चमचे चौघांत वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४५० मिलिग्रॅम येते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. रक्तदाब असलेल्यांनी एकच चमचा सॉस घ्यावा आणि लिंबाचा रस वाढवावा, किंवा चिंचेचा लेप निवडावा. अब्बांसाठी आम्ही तोच करतो.

मधुमेह असलेल्यांचा प्रश्न असतो मधाचा. मध नैसर्गिक असला तरी साखरच आहे, आणि गूळही. पण एक मोठा चमचा मध चौघांत वाटला की प्रत्येकी चार-साडेचार ग्रॅम साखर होते, म्हणजे चहातली चमचाभर. त्या दिवशीचा एक चहा बिनसाखरेचा घ्यावा, हिशेब जुळतो. घरात एक वर्षाच्या आतले बाळ असेल तर त्याला मधाचा अंशही चाटवू नये.

अर्ध्या तासाचे काम

मासा गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. हवाबंद पाकिटातला असेल तर पाकीट आधी कापून उघडा आणि मासा झाकणाच्या डब्यात ठेवा. ओट्यावर उघड्यावर वितळवू नका.

पहिली दहा मिनिटे: भात चढवा. दुसऱ्या शेगडीवर फरसबी, गाजर किंवा भेंडी चमचाभर तेलात मोठ्या आचेवर परता. लेपाचे साहित्य वाटीत एकत्र करा. माशाच्या तुकड्यावरून बोट फिरवून पाहा. सॅमनच्या मधोमध बारीक काट्यांची एक ओळ असते. ते काटे चिमट्याने, तिरके ओढून काढा. मुले आणि म्हातारी माणसे जेवणार असतील तर यात आळस नको.

नंतर मासा स्वच्छ कापडाने किंवा कागदाने टिपून अगदी कोरडा करा. सगळी गंमत या एका कामात आहे. ओला मासा तव्यावर पडला की भाजण्याऐवजी वाफेवर शिजतो आणि तव्याला चिकटतो.

पुढची दहा मिनिटे: जाड बुडाचा पॅन किंवा बिडाचा तवा मध्यम आचेवर चांगला तापवा, मगच तेल घाला. मासा सालीची बाजू खाली करून ठेवा, उलथण्याने हलकेच दाबा आणि चार-पाच मिनिटे हात लावू नका. साल कुरकुरीत झाली की मासा आपोआप तवा सोडतो. ओढाताण करावी लागली तर अजून वेळ आहे असे समजा. उलटून दुसऱ्या बाजूने दोन मिनिटे ठेवा.

आता आच मंद करा आणि लेप पॅनच्या कडेने ओता. तो बुडबुडे काढत दाट होऊ लागेल. चमच्याने उचलून माशावर घालत राहा. दीड-दोन मिनिटांत तो पाकासारखा चकचकीत होतो आणि तुकड्याला धरून बसतो. गॅस बंद करा. तव्याच्या उष्णतेवर तो आणखी आळतो, म्हणून थोडा पातळ असतानाच थांबायचे.

लेप शेवटी घालण्याचे कारण सोपे आहे. मध आणि गूळ मोठ्या आचेवर पटकन करपतात. सुरुवातीलाच लावला तर बाहेरून काळा, कडू आणि आतून कच्चा असा मासा हाती येतो. पहिल्या रविवारी माझे तेच झाले. अम्मी काही बोलल्या नाहीत, फक्त खिडकी उघडली.

मासा झाला हे ओळखायचे कसे? काट्याच्या चमच्याने मधोमध हलके दाबले की पाकळ्या सुट्या होतात आणि आतला पारदर्शकपणा गेलेला असतो. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सियस पुरे. सॅमनच्या अंगावर पांढरे थेंब साचू लागले तर घाबरू नका. तो माशातलाच प्रथिनांचा अंश असतो. खूप साचले तर मात्र मासा जास्त शिजला असे समजावे.

ओव्हन असेल तर मासा २०० अंशांवर साधारण १२ मिनिटे ठेवा. लेप वेगळा आटवून घ्या आणि शेवटच्या तीन मिनिटांत वरून लावा.

बांगडा आणि सुरमईसाठी बदल

बांगडा साफ करून अख्खाच घ्या. दोन्ही बाजूंना तिरक्या तीन चिरा द्या, म्हणजे लेप आत उतरतो. प्रत्येक बाजू चार मिनिटे भाजा. त्याच्या उग्र चवीला चिंच-गुळाचाच लेप शोभतो. चिंचेऐवजी कोकमाचे आगळ घातले तरी छान, फक्त आगळात मीठ असते म्हणून वेगळे घालू नका. सुरमईचे तुकडे पातळ असतात, त्यांना एका बाजूने तीन आणि दुसऱ्या बाजूने दोन मिनिटे पुरतात. सुरमईच्या अंगात सॅमनइतकी चरबी नाही, जास्त वेळ ठेवली तर ती कोरडी पडते.

गरोदर भगिनींनी आणि लहान मुलांनी मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण त्यांच्या अंगात पारा अधिक साठतो. सॅमन, बांगडा आणि तारली यांत तो कमी असतो.

ताजा मासा घेताना डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, आणि बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येतो ना हे पाहा. वास समुद्राचा यावा, सडका नव्हे.

ताट कसे भरावे?

आहारतज्ज्ञ मधुमेहींना ताटाचा एक सोपा हिशेब सांगतात. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीचे, पाव ताट माशाचे, पाव ताट भात किंवा भाकरीचे. आपण कोकणातली माणसे नेमके उलटे करतो, भाताचा डोंगर आणि कडेला काकडीच्या दोन चकत्या. मासा चवीचा झाला की भात आपोआप कमी लागतो हा आमचा अनुभव. रमजानमध्येही हे जेवण सोयीचे आहे. इफ्तारला भजी-समोसे तळण्यात असरनंतरचा सगळा वेळ जातो आणि तरावीहला उभे राहताना पोट जड होते. खजूर आणि पाण्याने रोजा सोडून, मगरिब पढून हा मासा तव्यावर टाकला तरी वेळ उरतो.

आमच्याकडे दुसऱ्या रविवारी मासा नीट जमला. मी पाच ताटे घेतली आणि पाचही ताटांत तोच मासा, तीच फरसबी, तोच भात वाढला. अब्बा नेहमीसारखे आधीच जेवायला आले होते. त्यांनी ताटाकडे पाहिले, मग आमच्या ताटांकडे. "हे सगळ्यांचंच का?" त्यांनी विचारले. "हो अब्बा, आज वेगळं काही केलंच नाही." ते काही न बोलता अम्मींच्या शेजारी बसले, बिस्मिल्लाह म्हणून त्यांनी पहिला घास घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, "कुवेतला हा मासा काचेमागे रोज दिसायचा. आपल्याला काय जमणार म्हणून कधी घेतला नाही."

अम्मींनी अजून मधाला पूर्ण माफ केलेले नाही. त्यांचा लेप चिंच-गुळाचा आणि मासा बांगडा. पण तव्यावर तेल आता त्या चमच्याने मोजून घालतात, आणि घरात स्वयंपाक एकच होतो. पथ्य एकट्या आजारी माणसाच्या ताटात ढकलले तर ती शिक्षा वाटते. सगळ्यांनी मिळून वाटून घेतले तर तेच घरचे जेवण होते.

अल्लाह आपल्या सर्वांच्या दस्तरखानवर हलाल आणि तय्यब रिझ्क देवो, आणि तिथली एकही जागा रिकामी न राहो. आमीन.